गहू भिजत घातलाय आणि रोज संध्याकाळी पाऊस! सोलापूरकर, ऊन कधी पडणार?

वाळवणवाली_काकू · सोमवार, रात्री ९.१०

नमस्कार मंडळी, हवामानातलं कुणाला कळत असेल तर सांगा बाई. रविवारी सकाळी कडक ऊन बघून पाच किलो गहू भिजत घातला कुरडयांसाठी आणि त्याच दिवशी संध्याकाळी साडेपाचला असा काही वारा सुटला की गच्चीवरची कपड्यांची दोरी तुटून शेजारच्यांच्या टाकीवर जाऊन पडली, माझी एक उशीची खोळ अजून सापडली नाहीये. मग पाऊस. टपोरे थेंब, वीस मिनिटं. म्हटलं असू दे, पाडव्यानंतर एखादी सर येतेच. तर आज परत तेच, चारपासून अंधारून आलं, गडगडाट, आणि आत्ता लाईट गेलीय, मोबाईलच्या उजेडात टाईप करतेय. गव्हाचं पाणी आज बदललं, उद्या परत बदलायचं, बुधवारी वाटायचा आणि गुरुवारी सकाळी चीक शिजवायचा असा हिशोब होता माझा. जास्त दिवस ठेवला तर आंबूस वास येतो आणि कुरडई तांबडी पडते. आता पाच किलो गव्हाचं करू काय? ऊन कधी पडणार तेवढं सांगा, बाकी काही नको.

कडक_भाकरी · सोमवार, रात्री ९.१४

काकू गहू टाकू नका. चीक करा, आम्ही दूध साखर घेऊन येतो. पत्ता पाठवा.

पुण्यात_अडकलेला · सोमवार, रात्री ९.२०

इथं पुण्यात नुसतं ढगाळ आहे, थेंब नाही. सोलापूरला पाऊस आणि पुण्याला नाही, हे मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकतोय बे.

विजापूर_रोडचा_मास्तर · सोमवार, रात्री १०.०५

काकू, मी ३१ वर्षं भूगोल शिकवला, हवामान खात्याचा माणूस नव्हे, तेव्हा चुकलो तर कुरडया माझ्या नावावर लाटू नका. (कुरडया लाटत नाहीत हे माहितीये, बायको शेजारीच बसलीय.)

सध्या झालंय असं की विदर्भापासून मराठवाडा, कर्नाटकाच्या आतल्या भागातून खाली तमिळनाडूकडं कमी दाबाचा एक लांबट पट्टा पडलाय. चैत्र वैशाखात असा पट्टा बहुतेक दरवर्षी तयार होतो. त्याच्या पूर्वेकडून बंगालच्या उपसागरावरचं दमट वारं येतं आणि पश्चिमेकडून कोरडं वारं, दोन्ही जिथं भिडतात तिथली हवा वर चढते, आणि आपल्याकडं तर दुपारी दोनपर्यंत जमीन तव्यासारखी तापलेली असते, म्हणजे वर चढणाऱ्या हवेला खालून अजून ढकलायला कुणीतरी तयारच. म्हणून तुम्ही बघा, सकाळी आभाळ कोरं असतं. अडीच तीनला दक्षिणेकडं फ्लॉवरच्या गड्ड्यासारखे पांढरे ढग फुगायला लागतात, पाचपर्यंत त्यांचा माथा वर ऐरणीसारखा पसरतो आणि बूड काळं होतं. पाऊस चार ते आठच्या दरम्यान. पहाटे असा पाऊस क्वचित येतो.

हा पट्टा एका जागी बसत नाही. पूर्वेकडं सरकला की आपल्यावर वायव्येचं कोरडं वारं येतं आणि मग ढग औषधालासुद्धा दिसत नाही. खात्याचा यलो अलर्ट बुधवारपर्यंत आहे. माझा अंदाज शुक्रवार. गुरुवारवर विश्वास ठेवू नका.

जाता जाता, माझ्या गच्चीवरच्या पर्जन्यमापकात काल ९ मिलिमीटर, आज आत्तापर्यंत १४. १ मिलिमीटर म्हणजे एका चौरस मीटरवर १ लिटर. माझी गच्ची साठ चौरस मीटरची. दोन दिवसांत जवळजवळ चौदाशे लिटर पाणी पन्हाळीतून गटारात गेलं, आणि आमच्या नळाला पाणी परवा येणार आहे.

कडक_भाकरी · सोमवार, रात्री १०.०९

सर शेवटची ओळ काळजाला लागली. आमच्याकडं गुरुवारी.

अक्कलकोटची_अक्का · सोमवार, रात्री १०.३०

काकू घाबरू नगा. पाणी दिवसातनं दोनदा बदला, आत्ता हवेत दमट आहे म्हणून लवकर आंबतंय. गव्हाचा दाणा दोन बोटांत चेपून बघा, पांढरा चीक पिचकन बाहेर आला की झाला, तीन दिवस मोजत बसू नगा. वाटून गाळून ठेवा आणि चीक खाली बसला की वरचं पाणी निथळून टाका, डब्यात भरून फ्रीजमध्ये. एक दोन दिवस काय होत नाही त्याला. आमच्या सासूबाई फ्रीज नव्हता तेव्हा पाटीत ओली वाळू घालून त्यात पातेलं ठेवायच्या, वर ओलं फडकं.

वाळवणवाली_काकू · सोमवार, रात्री १०.४१

अक्का तुम्ही देवासारख्या आलात. फ्रीजमध्ये जागा करते, खालच्या कप्प्यातली कलिंगडं बाहेर काढावी लागतील.

बेदाणा_कासेगाव · मंगळवार, सकाळी ७.४५

तुमच्या पाच किलोचं वाचून हसू पण आलं आणि पोटात पण कालवलं. माझी सहा टन द्राक्षं शेडवर आहेत. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, द्राक्षं काढून पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑईलच्या पाण्यात बुडवायची, म्हणजे सालीवरचा मेणासारखा थर सुटतो आणि आतलं पाणी लवकर उडतं, मग शेडमध्ये जाळीच्या मजल्यांवर पातळ पसरायची. कोरडी हवा असली तर बारा पंधरा दिवसांत बेदाणा तयार. चार किलो द्राक्षाला साधारण एक किलो. आज माझा सातवा दिवस. हाच सगळ्यात वाईट दिवस असतोय, धड द्राक्ष नाही धड बेदाणा नाही, साल मऊ पडलेली आणि आत साखरेचा पाक. अशात हवेत ओल आली की मणी चिकटतात, काळे पडतात, बुरशी धरतात. हिरवा पिवळा माल आणि काळा माल यांच्या भावात किती फरक पडतो ते विचारू नका.

रात्री दीड वाजता चौघं मिळून शेडला ताडपत्री बांधत होतो. वारा ताडपत्रीखाली शिरला की ती अशी फुगते की माणूस दोरीसकट वर उचलला जातो. पहाटे परत सगळी सोडली, कारण झाकून ठेवली तर आत वाफ धरते. झाकलं तरी नुकसान, उघडं ठेवलं तरी नुकसान. आता गंधकाची धुरी देऊन बघणार.

मास्तर, शुक्रवार नक्की का?

विजापूर_रोडचा_मास्तर · मंगळवार, सकाळी ८.१०

नक्की म्हणणारा माणूस या धंद्यात टिकत नाही हो. पण पट्टा सरकण्याची चिन्हं आहेत. तुमच्याकडं पंढरपूर बाजूला आमच्या आधी उघडेल, कारण कोरडं वारं पश्चिमेकडून येणार. कदाचित गुरुवारीच.

मोहोळचा_शेतकरी · मंगळवार, सकाळी ९.००

एक सांगू का, टीव्हीवाले याला सरसकट अवकाळी म्हणतात ते मला पटत नाही. चैत्रात येतो तो वळीव. फेब्रुवारीत ज्वारी उभी असताना येतो तो अवकाळी. वळवानं रान चांगलं होतं, नांगरून टाकलेल्या काळ्या रानातली डोक्याएवढी ढेकळं दोन सरीत विरघळून भुगा होतात, कुळवाच्या दोन पाळ्या वाचतात. माझं रान फेब्रुवारीतच मोकळं झालं, मी काल पावसात उभा राहून बघत होतो. मातीचा वास काय सुटला होता, वा.

बेदाणा_कासेगाव · मंगळवार, सकाळी ९.०६

तुमचं रान मोकळं म्हणून तुम्हाला वळीव. माझी शेड भरलेली म्हणून मला अवकाळी.

मोहोळचा_शेतकरी · मंगळवार, सकाळी ९.१५

बरोबर आहे दादा, मागं घेतो. माझी कडब्याची गंजी पण भिजलीच की, वरच्या दोन थरांच्या पेंढ्या काळ्या पडणार. कडबा काळा पडला की जनावर तोंड लावत नाही आणि गिऱ्हाईक पण.

सात_रस्ता_सिटीझन · मंगळवार, सकाळी ११.३०

हे सगळं ग्लोबल वॉर्मिंग आहे. आमच्या लहानपणी असं नव्हतं.

विजापूर_रोडचा_मास्तर · मंगळवार, सकाळी ११.५२

होतं हो. तुम्ही लहानपणी गारा वेचायला पळायचात तेव्हा महिना कुठला असायचा? मार्च एप्रिलच. हवा तापत चाललीय आणि तापलेली हवा जास्त बाष्प धरते हे खरंच आहे, एक अंश वाढला तर साधारण सात टक्के जास्त. पण एका आठवड्याच्या पावसावर लगेच ते लेबल चिकटवणं घाईचं होतंय. २०१४ च्या फेब्रुवारी मार्चमध्ये जी गारपीट झाली, आपल्या जिल्ह्यातसुद्धा, तिची गोष्ट वेगळी होती, ती दिवसेंदिवस चालली आणि द्राक्षं डाळिंबं झोपवून गेली. हे त्यातलं नाही.

मागवाला_अण्णा · मंगळवार, दुपारी १.२०

आमची पण ऐका. अक्कलकोट रोडला टॉवेलचे माग आहेत आपले. दोन दिवस सूत तुटायचं एकदम कमी झालंय. एप्रिलमध्ये दुपारची हवा इतकी कोरडी असते की सूत कडक होऊन पटापट तुटतं, ताण्याचा धागा तुटला की माग थांबवा, गाठ मारा, परत सुरू करा, कामगाराचा अर्धा जीव त्यातच जातो. आम्ही जमिनीवर पाणी मारतो, मोठ्या मिलमध्ये हवेत फवारा सोडायची यंत्रं असायची. या दोन दिवसांत देवानंच फवारा सोडलाय, कापड झकास निघालंय.

पण लाईट! कालचा साडेचार तास माग बंद. आणि रंगवलेल्या सुताच्या लडी बांबूवर टाकल्यात त्या वाळेनात. शेडमध्ये पंखे लावले तर लाल रंगाच्या लडीचं पाणी पांढऱ्यावर ठिबकलं, आता साठ किलो सूत गुलाबी आहे. कुणाला गुलाबी टॉवेल पाहिजेत का?

पुण्यात_अडकलेला · मंगळवार, दुपारी १.२५

अण्णा मला दोन ठेवा. सिरीयसली.

कडक_भाकरी · मंगळवार, संध्याकाळी ५.४८

आलाय आलाय. कंबर तलावाकडून काळंकुट्ट येऊलालंय. रिक्षावाले ढगाकडं बघून भाडं वाढवूलालेत.

कडक_भाकरी · मंगळवार, संध्याकाळी ६.३५

गारा! हरभऱ्याएवढ्या. पाच मिनिटंच पडल्या पण पत्र्यावर असा आवाज की आई देवघरातनं बाहेर आली. पार्क चौकात एक आंब्याचा गाडा होता, त्यानं स्वतः भिजत सगळ्या आंब्यांवर प्लॅस्टिक धरलेलं, दोन पोरं त्याच्या गाड्याखाली. मी चहाच्या टपरीत उभा होतो, टपरीवाला म्हणाला आज दूध संपणार. संपलंच.

हिप्परग्याचा_वारा · मंगळवार, रात्री ८.२०

मी तलावाच्या बांधावर होतो संध्याकाळी, रोज फिरायला जातो. मूर्खपणा केला, खरं सांगतो. समोर वीज चमकली, मी मोजलं, एक दोन तीन… नऊला आवाज आला. म्हणजे तीन किलोमीटर. तरी पळालो नाही, मोबाईलमध्ये व्हिडिओ काढत बसलो. पुढची पाचला. मग असा गार वारा आला समोरून, उघडा फ्रीजच जणू, आणि तलावाचं पाणी एकदम शहारल्यासारखं झालं, त्या टोकापासून या टोकापर्यंत करडी रेघ पळत आली. मग मात्र बाईककडं पळालो.

मास्तर, पाऊस यायच्या आधी हा गार वारा कुठून येतो?

विजापूर_रोडचा_मास्तर · मंगळवार, रात्री ८.५०

आधी तुम्हाला रागावतो. नऊ सेकंदाला पळायला पाहिजे होतं. चमक आणि आवाज यात तीस सेकंदांपेक्षा कमी अंतर असलं की उघड्यावर थांबायचं नाही, आणि शेवटचा गडगडाट ऐकल्यावर अर्धा तास बाहेर यायचं नाही. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेचं दामिनी ॲप टाकून घ्या, आपल्यापासून वीस आणि चाळीस किलोमीटरच्या आत वीज पडत असली की सांगतं. शेतात असलात तर झाडाखाली जाऊ नका, रान मोकळं असेल तर पाय जवळ घेऊन उकिडवं बसा.

आता वारा. ढगातनं पाऊस खाली यायला लागतो तेव्हा खालची हवा कोरडी असते, निम्मे थेंब वाटेतच उडून जातात. पाणी उडताना उष्णता ओढून घेतं, माठाचं पाणी जसं गार होतं तसंच, त्यानं ती हवा गार आणि जड होते आणि धाडकन खाली कोसळते. जमिनीवर आपटली की चारी बाजूंनी पसरते. तुमच्या तलावावर जी करडी रेघ पळत आली ती त्या हवेची कड. काकूंची दोरी तोडली ती पण हिनंच.

आज ११ मिलिमीटर. कमाल तापमान माझ्या गच्चीवर साडेतेहतीस. शनिवारी ३९ होतं.

वाळवणवाली_काकू · मंगळवार, रात्री ९.३०

खोळ पण तिनंच नेली म्हणायची.

सात_रस्ता_सिटीझन · बुधवार, सकाळी १०.००

एवढा पाऊस पडला तर उजनीत पाणी वाढलं का? निदान पाणी एक दिवस लवकर तरी द्या म्हणावं.

मोहोळचा_शेतकरी · बुधवार, सकाळी १०.२०

साहेब उजनी अशा सरींनी भरत नाही. भीमेच्या वरच्या अंगाला पुणे जिल्ह्यात पावसाळ्यात धो धो पडलं, तिकडची धरणं भरून पाणी सोडलं, की आपली भरते. एकूण ११७ टीएमसीचं, म्हणजे ११७ अब्ज घनफुटांचं धरण, त्यात ६३ टीएमसीच्या वर नुसता मृतसाठा. तापलेल्या जमिनीवर असा वीस मिनिटांचा पाऊस पडला तर तो भेगांतच जिरतो, ओढ्यापर्यंत पण पोचत नाही. आणि पाणी किती दिवसांनी येतंय ते धरणात किती आहे यावरच थोडंच असतंय, पण तो विषय इथं नको, काकूंचा धागा आहे.

सात_रस्ता_सिटीझन · बुधवार, सकाळी १०.२४

विषय पाहिजेच खरं तर.

अक्कलकोटची_अक्का · बुधवार, सकाळी १०.३५

दुसरा धागा काढा बाळा. काकू, वाटला का गहू?

वाळवणवाली_काकू · बुधवार, दुपारी ३.१५

वाटला. सकाळी सात ते साडेदहा, मिक्सर दोनदा तापून बंद पडला. तीन पाण्यानं चोथा पिळला, चाळणीतनं आणि मग जुन्या धोतराच्या फडक्यातनं गाळला. आता दोन मोठी पातेली ओट्यावर आहेत, वर पिवळसर पाणी आणि खाली चीक बसतोय. बोट घातलं तर तळाला लोण्यासारखं लागतंय. वास चांगला आहे. आंबूस नाही.

बाहेर उकडतंय मात्र प्रचंड. पाऊस नाही, वारा नाही, नुसती घामाची धार. कूलर लावला तर अंगाला अजूनच चिकचिक.

कडक_भाकरी · बुधवार, दुपारी ३.२२

आमचा पण कूलर रुसलाय. नवा वाळा टाकला गेल्या आठवड्यात, सातशे रुपये घातले.

विजापूर_रोडचा_मास्तर · बुधवार, दुपारी ४.००

कूलर रुसला नाही, हवा भरलीय. कूलर पाणी उडवून गारवा देतो आणि हवेत आधीच ओल असली तर पाणी उडणार कुठं? घामाचं पण तेच. एरवी आपल्याकडं एप्रिलच्या दुपारी आर्द्रता वीस पंचवीस टक्क्यांवर येते, म्हणून सोलापूरला चाळिशीत पण सावलीत बसवतं आणि कोकणात चौतीसला जीव जातो. खिडक्या उघडा आणि दमट हवा बाहेर जाऊ द्या, बंद खोलीत कूलर लावू नका.

आज ढग फुगतायत पण माथा पसरत नाहीये. वरची हवा कोरडी व्हायला लागली. संध्याकाळी शिंतोडे येतील इतकंच.

बेदाणा_कासेगाव · बुधवार, रात्री ९.०५

इकडं आभाळात चांदण्या दिसल्या. चार दिवसांनी. पश्चिमेकडून बारीक कोरडा वारा सुटलाय, ताडपत्र्या सगळ्या सोडल्या. दक्षिणेकडच्या अंगाचे खालचे दोन मजले काळवंडलेत, साधारण पाऊण टन द्राक्षाचा माल गेला म्हणायचा. बाकी मणी हाताला सुटे लागतायत. घरी जाऊन जेवतो.

मागवाला_अण्णा · बुधवार, रात्री ९.१०

जेवा दादा. पोटभर जेवा.

वाळवणवाली_काकू · गुरुवार, सकाळी ७.३०

मंडळी! ऊन! झक्क निळं आभाळ, एक ढग नाही. गच्ची धुवून झाली, प्लॅस्टिक अंथरलं, वर जुन्या साड्या. मास्तर, मी घालते आज.

विजापूर_रोडचा_मास्तर · गुरुवार, सकाळी ७.४१

काकू नका. आजचा दिवस जाऊ द्या. दिवसभर ऊन पडेल पण पट्टा अजून फार लांब गेला नाही, संध्याकाळी एखादा चुकार ढग आणि वारा येऊ शकतो. कुरडईला दोन तीन उन्हं सलग लागतात.

अक्कलकोटची_अक्का · गुरुवार, सकाळी ७.५०

चीक दोन दिवस राहतंय म्हटलं होतं मी. पण फ्रीजचा भरवसा लाईटवर आहे. निम्मं आज घाला, निम्मं उद्या. सगळी अंडी एका टोपलीत… नाही ती दुसरी म्हण झाली. निम्मं निम्मं करा.

वाळवणवाली_काकू · गुरुवार, दुपारी १२.४०

अक्कांचं ऐकलं. एक पातेलं चीक शिजवला. जितका चीक तितकं पाणी, पाण्यात मीठ आणि हिंग, आणि उकळी आली की एका हातानं ओतायचा, दुसऱ्या हातानं लाकडी उलथन्यानं घोटायचा, गुठळी होऊ द्यायची नाही. सुनेनं ओतलं मी घोटलं. पांढऱ्याचा काचेसारखा झाला की शिजला. नातवंडांना वाटीत काढून दिला दूध साखर घालून, दोघं गच्चीच्या दाराशी बसून खात होती आणि मध्येच विचारत होती आजी अजून आहे का. मग सोऱ्यात भरून घातल्या. एकशे बेचाळीस झाल्या. हात भाजलेत पण बघून बरं वाटतंय, साड्यांवर चांदणं पडल्यासारखं.

कडक_भाकरी तुम्ही आलाच नाहीत.

कडक_भाकरी · गुरुवार, दुपारी १२.४४

काकू ऑफिस. आत्ता डब्यात वांगं आहे आणि मी हे वाचतोय.

वाळवणवाली_काकू · गुरुवार, संध्याकाळी ७.२०

मास्तर, तुमचा चुकार ढग आला हो. साडेपाचला. पाऊस म्हणावा तर मोजून पन्नास थेंब, पण वारा! आमच्या गच्चीला लागून कडुनिंब आहे, सध्या पांढऱ्या मोहोरानं लदलदलाय. वावटळ त्याच्यातनं फिरून सरळ माझ्या साड्यांवर. सून आणि मी साड्यांची चार टोकं धरून जिन्यात नेईपर्यंत व्हायचं ते झालं. कुरडया अजून वरून ओल्या होत्या. प्रत्येक कुरडईच्या तारांत कडुनिंबाची बारीक फुलं अडकलीत, पाच पाकळ्यांची, तांदळाएवढी. चिमट्यानं काढायला गेले तर तार तुटते. वीस पंचवीस काढल्या आणि सोडून दिलं. आता हॉलमध्ये पंख्याखाली पसरल्यात, ह्यांना बातम्या बघायला पलंगावर पाय वर घेऊन बसावं लागतंय.

विजापूर_रोडचा_मास्तर · गुरुवार, संध्याकाळी ७.३५

मी बोललो नव्हतो असं म्हणणार नाही. पण वाईट वाटलं. धूळ बसली का?

वाळवणवाली_काकू · गुरुवार, संध्याकाळी ७.३८

धूळ नाही. चार दिवसांच्या पावसानं धूळ बसलीय सगळी, तेवढं नशीब. नुसती फुलं.

मोहोळचा_शेतकरी · गुरुवार, रात्री ८.००

आमच्याकडं कैऱ्या झडल्या वाऱ्यानं. दोन बुट्ट्या. कुणाला लोणच्याला पाहिजेत तर सांगा, शनिवारी मार्केट यार्डात येणार आहे. अजून कोय धरली नाही, कोवळ्या आहेत, डाळीत किसून घालायला चांगल्या.

हिप्परग्याचा_वारा · शुक्रवार, सकाळी ६.५०

आज हवा वेगळी आहे. बांधावर उभं राहिलं तर वारा पाठीवर वायव्येकडून, कोरडा, ओठ सुकवणारा. पाणी एकदम स्थिर. कालपर्यंत तलावावर जी धुरकट पट्टी दिसायची ती नाही, पलीकडच्या काठावरची बाभळीची झाडं एकेक मोजता येतायत. मास्तर तुमचा शुक्रवार आला.

विजापूर_रोडचा_मास्तर · शुक्रवार, सकाळी ७.०५

आला खरा. पट्टा पूर्वेला सरकला, मराठवाड्याच्या पलीकडं गेला. काकू, बिनधास्त घाला. आज आभाळ धुतलेलं आहे, धूळ नाही, बाष्प नाही, ऊन चटका देणार. साडेअकरानंतर स्वतः गच्चीवर जाऊ नका, टोपी घाला, मठ्ठा पिऊन जा.

मागवाला_अण्णा · शुक्रवार, दुपारी १२.१५

लडी वाळल्या एका दुपारीत. आणि सूत परत तुटायला लागलं. काय बोलणार. जमिनीवर पाणी मारायला पोराला लावलंय.

बेदाणा_कासेगाव · शुक्रवार, दुपारी २.३०

दहावा दिवस. मण्याला सुरकुती धरली. मूठभर घेऊन दाबलं तर सुटं राहतंय, चिकटत नाही. अजून चार दिवस अशीच हवा दे देवा.

वाळवणवाली_काकू · शुक्रवार, संध्याकाळी ६.००

आजच्या एकशे साठ. पांढऱ्याशुभ्र. दुपारी चारला उलट्या केल्या तर खडखड वाजल्या. कालच्या पण बाजूला ठेवल्या उन्हात. थर्मामीटर नाही माझ्याकडं पण गच्चीच्या फरशीवर पाय ठेववत नव्हता.

विजापूर_रोडचा_मास्तर · शनिवार, दुपारी ४.१०

आज साडेचाळीस. काल ३८. चार दिवसांत सात अंशांची उडी. पुढचे पाच सहा दिवस पावसाचं काही दिसत नाही, उलट आकडा वाढेल. पर्जन्यमापक धुवून पालथा घालून ठेवला.

सात_रस्ता_सिटीझन · शनिवार, दुपारी ४.३०

आता उकाड्यानं मरायचं. पाऊसच बरा होता.

कडक_भाकरी · शनिवार, दुपारी ४.३१

😂😂

वाळवणवाली_काकू · शनिवार, रात्री ८.४५

तळून बघितल्या आज. शुक्रवारच्या दोन आणि गुरुवारच्या दोन. शुक्रवारची तेलात टाकली की फुलते आणि कढईभर होते, बघतच राहावं. गुरुवारची पण फुलली, पण फुलं तळून काळी झाली, तीळ लावल्यासारखी दिसते. चव घेतली. शेवटी जिभेवर किंचित कडू. हे म्हणाले पाडव्याला कडुनिंब खायचा राहिला होता तो आत्ता झाला. नातवाला ते तीळच वाटले, तीन खाल्ल्या त्यानं.

शुक्रवारच्या डब्यात भरल्या, मुलीकडं, बहिणीकडं जाणार. या एकशे वीस पंचवीस कडू कुणाला द्यायच्या तेवढं कळेना.

पुण्यात_अडकलेला · शनिवार, रात्री ८.५२

मला. सगळ्या.

वाळवणवाली_काकू · शनिवार, रात्री ८.५५

अरे कडू आहेत.

पुण्यात_अडकलेला · शनिवार, रात्री ८.५८

चालतंय की काकू. आमच्या जुन्या घरासमोर पण कडुनिंब होता, आईच्या कुरडयांत पण फुलं असायची, मला वाटायचं तसंच करतात. मित्र सोमवारी सकाळच्या हुतात्मा एक्सप्रेसनं येतोय, त्याच्याकडं द्या. अण्णांचे दोन गुलाबी टॉवेल पण त्याच पिशवीत, कुरडया त्यातच गुंडाळा, म्हणजे मोडणार नाहीत.

मागवाला_अण्णा · शनिवार, रात्री ९.०३

टॉवेल उद्या काकूंच्या घरी पोचवतो. चार पाठवतो, रंग जाणार आहे, पहिल्यांदा वेगळे धुवा.